मंडळ, मंडळी आणि एक ब्लँकेट

नमस्कार मंडळी! हा शब्द माझ्या रोजच्या कामातलाच. मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजालाही ‘मंडळी’च म्हणतात. त्यामुळे आठवडाभर तिकडची मंडळी आणि आज मंडळाची मंडळी.

चर्चच्या ऑफिसात तू करतेस तरी काय, असं बरेच जण विचारतात. उपासना पाळक घेतात. मी फोन घेते, पत्रकं काढते, शनिवारच्या धान्यवाटपाला माणसं जमवते. त्याआधी नागपुरात सात वर्षं एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात होते. संध्याकाळी पाचच्या आत रामदासपेठेत ‘तरुण भारत’, मग वर्धा रोडवर ‘लोकमत’ आणि ‘हितवाद’ अशी प्रेसनोट घेऊन स्कूटीवर फेरी. नोट एकच, पण प्रत्येकाला वाटायला हवं की आधी आपल्यालाच मिळाली!

एका डिसेंबरात कंपनीनं मेडिकल चौकात ब्लँकेटं वाटली. एका म्हाताऱ्याला दिलं आणि नेमका फ्लॅश उडाला नाही. तोवर त्यानं ते अंगाभोवती लपेटलंही होतं. मी परत मागितलं.

“काहून वापस मांगून राहिले जी?”

“फोटोसाठी, बाबाजी.”

त्यांनी ब्लँकेटाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. फोटो छान आला. साहेब खूश. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे.

मी हिस्लॉप कॉलेजची. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते पाद्री स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, खडकांतले जीवाश्म गोळा केले आणि गोंडांचे शब्द, गाणी उतरवून घेतली. आमच्या जनसंपर्कात नुसतं सांगायचं असायचं. विचारून लिहून घ्यायचं कुणी शिकवलंच नाही.

इथल्या चर्चचं पहिलं पत्रक मी जुन्या सवयीनं झकास केलं. वर ठळक अक्षरांत ‘गरजूंसाठी’. आले चौघं. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, तो शब्द वाचून माझी शेजारीण दारातून परत गेली. आता एवढंच लिहितो: शनिवारी १० ते १२, पुढच्या दारानं या, नाव विचारत नाही, फोटो काढत नाही. हल्ली रांग फाटकापर्यंत जाते.

डाळ-तांदळाची पाकिटं भरायला शुक्रवारी संध्याकाळी हात कमी पडतात. धर्म विचारायला तिथे कुणाला फुरसत नसते. नावं चहाच्या टेबलापाशी द्या. आईनं नागपूरहून पाठवलेली संत्राबर्फीही तिथेच आहे. संपायच्या आत या.