दुसऱ्याच्या नावाची वाटी

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या घरात मांडणीवर एक स्टीलची वाटी आहे. काठ थोडा चेपलेला, बुडाला एक पोचा. तिच्यावर टोचून टोचून नाव घातलंय, जसं आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. फक्त ते नाव आमच्या घरातल्या कुणाचं नाही, आणि ते कन्नडमध्ये आहे.

ही वाटी आमच्या शेजारच्या अक्कांची. मी चौथी-पाचवीत असेन. नागपंचमीला त्यांनी वाटीभर उंडे पाठवले होते, शेंगदाण्याचे आणि तिळाचे. आता भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत तुमच्याही घरी असणार. निदान चार साखरेचे दाणे तरी घालायचे. आई म्हणाली, "गणपतीला मोदक करणार आहेच, तेव्हा देऊ की." चतुर्थीच्या आधी आई दोन दिवस माहेरी गेली, आणि नेमकी तेव्हाच अक्कांच्या यजमानांची विजापूरला बदली झाली. आई परत आली तर शेजारच्या दाराला कुलूप. ती वाटी हातात घेऊन बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. पत्ता कुणाकडेच नव्हता.

मग आईनं काय केलं, तर त्या वाटीनं रोजचा तांदूळ मोजायला सुरुवात केली. पाहुणे आले की आतून आवाज यायचा, "अक्कांच्या वाटीनं सहा वाट्या घे गं." आई गेली, आता माझी बायको त्याच वाटीनं तांदूळ मोजते. सकाळी डब्यात वाटी बुडाल्याचा तो खरखर आवाज आला की मला त्या बाईंचा चेहरा दिसतो. खरं सांगतो, चेहरा आता धूसर झालाय. हिरव्या बांगड्या आणि "ऊटा आयतेनु?" हे दोन शब्द तेवढे स्पष्ट आहेत. जेवण झालं का, एवढंच त्या विचारायच्या.

उमेद स्वतःच्या आतून आणावी लागते, असं पुष्कळजण सांगतात. माझा अनुभव निराळा आहे. माझ्या वाट्याला आलेली उमेद बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरातून आली, अशीच वाटीत घालून. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं, भाताचं गाव. तिकडे पावसाळ्यात रोप लावायच्या दिवसांत पैरा चालायचा. पैरा म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझा वाफा लावायचा, उद्या माझा. पैशाचा संबंध नाही. कुणाकडे माणसं कमी, कुणाची बैलजोडी एकच, कुणाच्या घरी बाळंतीण, पण वाफा कुणाचा राहायचा नाही. आजीकडे याचा हिशेब असायचा आणि तो सगळा तोंडपाठ. "आपल्यावर त्यांचा दोन माणसांचा पैरा हाय बघ," असं ती आठवणीनं सांगायची. दुसऱ्यांकडून काय यायचं आहे ते मात्र तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. लहानपणी मला वाटायचं, आजीला अर्धाच हिशेब येतो.

याच आजोळी मी आशावाद म्हणजे काय ते पाहिलं. आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या शेतकऱ्यांना धूळवाफ पेरणी सांगायला नको, पण शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. मे महिना संपत आलेला असतो. जमीन कोरडी ठणठणीत, मशागत करून भुसभुशीत केलेली, पाय टाकला की धूळ उडते. आणि त्या धुळीत माणूस कुरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, भात पेरतो. आभाळात ढग नाही. बी महागाचं, घरचं निवडून ठेवलेलं. वळीव झाला तर झाला. मिरग वेळेवर आला तर बी उगवून पुढं जातं, ओढ दिली तर पक्ष्यांचं आणि मुंग्यांचं धन होतं, दुबार पेरणी करावी लागते. तरी पेरतात. मामाला मी विचारलं होतं, "पाऊस नाही आला तर?" तो कुरीच्या चाड्यावरची मूठ न थांबवता म्हणाला, "आला तर बी जमिनीत पाहिजे की रे." मामाचं शिक्षण तिसरीपर्यंतचं. आशा या विषयावर याहून नेमकं मी नंतर कुठं वाचलं नाही.

आता ज्या माणसासाठी मी आज इथं बोलायला बसलोय, त्याच्याकडे वळतो.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी दहावीची परीक्षा. आमचं घर तेव्हा सांबऱ्याच्या बाजूला आणि परीक्षेचं केंद्र बेळगावात. पेपर कन्नडचा. मराठी माध्यमातल्या पोरांना त्या पेपरची किती धास्ती असायची ते तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. सकाळची बस निघाली ती वेळेवर, आणि मुतग्याजवळ बंद पडली. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी यायला वेळ लागेल. मार्च महिन्याचं ऊन. हातात प्लास्टिकच्या पिशवीत हॉलतिकीट. मी पळत सुटलो. पळून किती पळणार? सात-आठ किलोमीटर राहिले होते. रडू येत होतं, ते दाबत होतो.

मागून एक राजदूत मोटारसायकल आली. दूधवाले होते. दोन्ही बाजूंना दोन कॅन लटकवलेले, मागच्या सीटवर तिसरा कॅन, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. गाडी थांबवून त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. विचारलं फक्त, "परीक्षा?" मी मान हलवली.

ते उतरले. मागचा कॅन सोडला. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती, तिथं तो कॅन सावलीत ठेवला, गोणपाटावर टपरीतलंच तांब्याभर पाणी ओतलं, टपरीवाल्याला काहीतरी सांगितलं. मग मला म्हणाले, "बा तम्मा, हत्तु." ये बाळा, चढ.

वाटेत ते माझ्याशी कन्नडमधून बोलत होते आणि मी जमेल तशी उत्तरं देत होतो. घरी कोण कोण, बैल किती, पावसाचं काय. आज वाटतं, त्यांनी ते मुद्दाम केलं असावं. माझी तोंडी परीक्षा त्या गाडीवरच झाली म्हणा. केंद्राच्या फाटकापाशी घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी उतरून पळणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, "हेदरब्याड. चंद बरी." घाबरू नको, छान लिही.

मी आभारसुद्धा मानले नाहीत. पेपर लिहीत असताना माझ्या शर्टाच्या बाहीला दुधाचा वास येत होता, तो मला आजही आठवतो. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं. फक्त कॅनवर लाल रंगात त्यांच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं, तेवढं मी वाचलं होतं.

मार्चच्या उन्हात कॅनभर दूध वाटेत ठेवून जाणं म्हणजे काय, हे कळायला मला पुढं पंधरा वर्षं लागली. स्वतःच्या घरी म्हैस आली तेव्हा कळलं. ते दूध नासलं असण्याची शक्यता पुष्कळ होती. एका अनोळखी पोराच्या पेपरसाठी त्या माणसानं दिवसाच्या कमाईचा तिसरा हिस्सा टपरीवर ठेवला होता.

आठवणींबद्दल एक गोष्ट मध्येच सांगतो. घराची, गावाची, जुन्या माणसांची आठवण येऊन जीव कासावीस होणं, याला एकेकाळी रोग समजत. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या स्विस डॉक्टरनं त्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. घरापासून लांब राहिलेली माणसं झुरतात, खात नाहीत, हे त्यानं पाहिलं होतं. पुढं कितीतरी वर्षं परदेशात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांचा हा आजार म्हणून डॉक्टर त्याच्याकडे बघत. आपल्या बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे. तिथं नव्यानं आलेली पोरं पहिले काही दिवस रात्री उशीत तोंड खुपसून असतात, असं माझे चुलते सांगायचे. ते स्वतः त्यातले. पण तेच असंही सांगायचे, की थंडीत पहाऱ्यावर उभं राहिलं की चुलीपुढं बसलेली आई डोळ्यांसमोर आणायची, म्हणजे पाय गारठत नाहीत. अलीकडचे संशोधकही याच अंगानं बोलायला लागलेत. गोड आठवण काढल्यावर माणसाला एकटेपणा कमी वाटतो, आपलं कुणीतरी आहे असं वाटतं, असं त्यांना आढळलंय. चुलत्यांना ते बर्फात कळलं होतं.

मला मात्र एक भीती वाटते. नुसती आठवण काढत बसलं तर "पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत" इथं गाडी येऊन थांबते. आमच्या पिढीला ही सवय फार. म्हणून मी आजीचा हिशेब लावतो. दूधवाल्यांचा माझ्यावर पैरा आहे. तो मला त्यांच्याकडे फेडता येत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात जाऊन फेडायचा. परीक्षेच्या दिवसांत मी सकाळी तासभर गाडी घेऊन सांबरा रोडवर उभा राहतो, गेली बरीच वर्षं. बहुतेक दिवशी कुणाला गरज नसते. पोरं माझ्याकडे बघून हसतात आणि पुढं जातात. तरी घरी येताना मन हलकं असतं.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, तिच्यावरून जाताना मला हेच सुचतं. १९२४ च्या डिसेंबरात, २६ आणि २७ तारखेला, बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष होते, आणि ते अध्यक्ष झाले असं हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. लांबून येणाऱ्या माणसांना प्यायला पाणी हवं म्हणून ही विहीर खोदली. पाहुणे दोन-चार दिवसांचे, विहीर शंभर वर्षांची झाली. कुणी खोदली, कुदळ कुणाच्या हातात होती, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

तर शेवटी मी त्या दूधवाल्यांना शोधायचं ठरवलं. कॅनवरचं गावाचं नाव लक्षात होतंच. सुळेभावीच्या बाजूचं गाव. सुळेभावी म्हणजे कुमार गंधर्वांचं जन्मगाव, तेही १९२४ सालचेच. गेल्या महिन्यात गेलो. दूध संकलनाच्या जागी चौकशी केली, राजदूत म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं लगेच घर दाखवलं.

ते पडवीत खाटेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. मी पाया पडलो, सगळी हकिकत सांगितली. बस, टपरी, कॅन, गोणपाट, कन्नडचा पेपर. सांगताना माझा आवाज भरून आला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हौदेनु?" असं झालं होतं होय?

त्यांना काहीच आठवत नव्हतं.

मला क्षणभर कसनुसं झालं. चाळीस वर्षं मी जे जपलं ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं. मग लक्षात आलं, या माणसानं त्या रस्त्यावर माझ्यासारखे किती जण मागे बसवले असतील. अमेरिकेतल्या अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन अभ्यासकांचा एक प्रयोग मी वाचला होता. शिकागोत थंडीच्या दिवसांत, बर्फावर घसरण्याच्या मैदानाजवळ, त्यांनी काही लोकांना गरम चॉकलेटचा कप अनोळखी माणसाला द्यायला सांगितलं. देणाऱ्यांना विचारलं, समोरच्याला किती आनंद झाला असेल? त्यांचा अंदाज प्रत्येक वेळी कमी निघाला असं नाही, पण एकूण पाहता घेणाऱ्याचा आनंद त्यांना वाटला त्यापेक्षा जास्तच होता. आपण केलेलं आपल्याला किरकोळ वाटतं. आजीचा अर्धा हिशेब तो हाच असावा.

त्यांच्या बायकोनं आतून चहा आणला, आणि मी निघायच्या आधीच ताट मांडलं. "ऊटा माडि होगु," जेवून जा. नाही म्हणायची सोय नव्हती. मी जेवत असताना म्हातारे एकच प्रश्न मधून मधून विचारत होते: पास झालास का त्या पेपरात? तीनदा विचारलं, तीनदा मी सांगितलं, झालो, बासष्ट मार्क पडले. तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी आत हाक मारून बायकोला सांगितलं, आपला पोरगा पास झाला बघ.

निघताना त्या माउलीनं डबाभर भाजलेल्या शेंगा हातात दिल्या. जुना पितळी कडीचा डबा, झाकणावर नाव टोचलेलं. गाडीवर येताना तो सगळी वाट खुळखुळत होता.

शेंगा संपल्या. डबा धुऊन, पुसून, अक्कांच्या वाटीशेजारी मांडणीवर ठेवलाय. या खेपेला मी पत्ता लिहून घेतलाय. रविवारी जायचं ठरलंय. डब्यात काय घालायचं यावर घरात कालपासून चर्चा चालू आहे. बायको म्हणते करंज्या, मुलगी म्हणते बेळगावचा कुंदा. मी म्हटलं, दोन्ही घाला, डबा मोठा आहे.

नमस्कार.