बटण दाबलं, दिवा लागला, मग?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'विज्ञान आणि बालसंग्रहालयांसाठी एक्झिबिट घडवण्याचं करिअर'. एक्झिबिट म्हणजे दालनात मांडलेली, बघायची-हाताळायची वस्तू. त्याकडे वळूच. पण आधी बटणाचा हिशोब मांडू द्या, कारण तो चुकला तर पुढच्या बोलण्याला अर्थ उरत नाही.

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये बटणं आणि हँडलं आली, लंडनच्या विज्ञान संग्रहालयात १९३१ साली मुलांचं दालन उघडलं. काचेआडचं यंत्र बाहेरच्या माणसाला स्वतः चालवता यावं, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. माझी तक्रार त्या मंडळींशी नाही, आजच्या आपल्याशी आहे. सगळं यंत्र आपण ठरवायचं, निकाल आपण ठरवायचा, मुलाच्या वाट्याला फक्त 'सुरू' ठेवायचं, आणि त्याला 'इंटरअॅक्टिव्ह' म्हणायचं!

बरं, बटण स्वस्तात सुटतं असंही नाही. तासाला २०० वेळा, दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरा: ४,८०,००० दाब झाले. आणि मूल बटणावर बोट ठेवत नाही. मूठ मारतं, कोपर मारतं, जमलं तर लाथसुद्धा. म्हणून बटणाचा प्रवास संपतो तिथे धातूचा अडथळा हवा. धक्का त्याने सोसावा, मागच्या मायक्रोस्विचने, म्हणजे आतल्या चिमुकल्या स्विचने, नाही. स्विचवर लिहिलेलं आयुष्य बोटाच्या हलक्या दाबासाठी असतं, हे विसरलं की महिन्याभरात 'दुरुस्ती चालू आहे'ची पाटी लागते.

माझी कसोटी एवढीच: मुलाने दुसऱ्यांदा हात लावला, तेव्हा पहिल्यापेक्षा काही वेगळं करून पाहिलं का?

हाताने वीज तयार करायचं एक्झिबिट घ्या. बटणवाल्या आवृत्तीत बटण दाबलं की जनित्र फिरतं आणि तीन दिवे लागतात. आता तेच हँडलने करा आणि प्रत्येक दिव्याला वेगळा स्विच द्या. सगळे स्विच बंद असताना हँडल भुर्रकन फिरतं. एक लावला की हाताला ओढ जाणवते, तिन्ही लावले की दंड भरून येतो. वीज फुकट येत नाही, हे मुलाच्या मनगटाला कळतं. मग ते स्वतःच एकेक स्विच बंद करून बघतं. झालं काम!

पण हे साधण्यासाठी दिवे आत तापणारी तार असलेले जुन्या पद्धतीचेच हवेत, १२ व्होल्ट, ५ वॉटचे. वीज वाचवायला एलईडी लावले तर ते इतका कमी प्रवाह घेतात की हाताला फरकच लागत नाही. एक्झिबिट चालू दिसतं, आतून मेलेलं असतं.

जनित्र म्हणून कायमचुंबकाची डीसी मोटर चालते; तिला बाहेरून फिरवलं की ती वीज देते. २४ व्होल्टला मिनिटाला १५०० फेरे घेणारी मोटर असेल आणि हात मिनिटाला ६० फेऱ्या मारत असेल, तर १ ला १५ असं गुणोत्तर ठेवा, हँडलच्या एका फेरीला मोटरच्या पंधरा: मोटर ९००वर जाते, विनाभार, म्हणजे दिवे बंद असताना, साधारण १४ व्होल्ट मिळतात आणि भार आला की १२च्या आसपास उतरतात. मोठं माणूस मात्र ईर्षेने सेकंदाला तीन फेऱ्या मारतं. व्होल्टेज ४०च्या वर जाऊन दिव्याची तार खलास! म्हणून १६ व्होल्टच्या वर गेलं की जास्तीचा रोध (रेझिस्टर) आपोआप जोडणारं सर्किट लावा. तो रोध तापतो; त्याला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा, हवा खेळती ठेवा.

गिअरपेक्षा दातेरी पट्टा बरा. कोणी हँडल उलट हिसकलं तर पट्टा दात चुकवून उडी मारतो. गिअरचा दात सरळ तुटतो. आणखी एक गोष्ट कागदावर सुटून जाते. गुणोत्तर १५ म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचं जडत्व हँडलपाशी २२५ पट जाणवतं. हात सोडला तरी हँडल फिरत राहतं आणि नेमकं शेजारच्या लहानग्याच्या हनुवटीच्या उंचीवर. म्हणून मोकळा दांडा न ठेवता पूर्ण तबकडी घ्या आणि तिच्यावर, केंद्रापासून १२० मिलिमीटरवर, स्वतःभोवती सुटी फिरणारी मूठ बसवा. मूठ घट्ट असली तर तळव्याला फोड येतात आणि फिरता फिरता तिचा आटा सुटतो.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. करिअरचं पटापट सांगतो.

एकच अशी पदवी नाही. यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स, औद्योगिक डिझाइन, शिक्षण, कुठूनही या. सुरुवात देखभालीपासून करा; मोडतोडीची वही हेच खरं पाठ्यपुस्तक. फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे हात लावून शिकायचं विज्ञान संग्रहालय उभारलं, तेव्हा कार्यशाळा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच ठेवली; शाळकरी मुलं तिथे 'एक्सप्लेनर', म्हणजे प्रेक्षकांना समजावून सांगणारे, म्हणून काम करतात. अशा दालनात उभं राहायची संधी मिळाली तर सोडू नका.

नमुना आधी पुठ्ठा, प्लायवुड आणि शिकंज्यांवर (क्लॅम्पवर) करा. पाच मुलं बोलवा, तोंड बंद ठेवा, पहिल्या दहा सेकंदांत हात कुठे जातो ते लिहा. तो जातो तिथेच हँडल असावं. सूचना शेवटी लिहा: दहा शब्द, क्रियापद ठळक, भिंतीवर नाही तर हाताजवळ.

मापं पाठ हवीत. ८ ते २५ मिलिमीटरच्या फटीत बोट अडकतं, ८९ ते २३०च्या फटीत डोकं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावेल असा सुटा भाग नको. व्हीलचेअरसाठी टेबलाखाली गुडघ्यांना ६८५ मिलिमीटर उंची मोकळी सोडा. ॲक्रिलिक अल्कोहोलने पुसू देऊ नका, भोकांच्या कडांपासून तडे जातात.

मुलाखतीला चकचकीत चित्रं नेऊ नका; फसलेल्या नमुन्याचे फोटो आणि पुढच्या नमुन्यात काय बदललं ते न्या. आणि एक्झिबिट सोपवताना मागच्या दाराच्या आतून सर्किटचा नकाशा चिकटवा, खाली डब्यात एक पट्टा, दोन मुठी, सहा दिवे ठेवा.