निम्मी तलवार म्यानात असते

पत्रिकेवर विषय छापलाय 'धोप, पट्टा आणि फिरंग'. या तिन्ही तलवारींकडे मी येणार आहे, पण आधी म्यानाबद्दल बोलू द्या. प्रदर्शनात तलवार मखमलीवर मांडतात, नक्षीवर दिवा सोडतात आणि म्यान मागच्या कपाटात पडून राहतं, याचा मला मनापासून राग येतो.

कॅप्टन नोलान या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ साली निजामाच्या स्वारांविषयी लिहिलंय. संख्येने कितीतरी थोडे असून त्यांनी रोहिल्यांना उधळून लावलं. मुंडकी, हात एकेका घावात तुटलेले. नोलानला प्रश्न पडला, ही माणसं राक्षस आहेत की देशी पात्याची करामत आहे? तलवारी पाहिल्या, तर बहुतेक पाती इंग्रजांच्या ड्रॅगून, म्हणजे घोडदळाच्या, पलटणींनी मोडीत काढलेली! स्वारांनी त्यांना मुळापासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार लावली होती, बारीक चपटी मूठ बसवली होती आणि लाकडी म्यान दिलं होतं. लढाईखेरीज तलवार उपसायचीच नाही. वार शिकवता कसा, असं विचारल्यावर एक म्हातारा स्वार म्हणाला, शिकवत काहीच नाही साहेब, धारदार तलवार कुणाच्याही हातात कापते.

आता इंग्रजांची धार का जायची ते बघा. म्यान पोलादी. प्रत्येक वेळी उपसताना धार धातूवर घासते, घोडा दौडला की पातं आत खडखडतं. लाकडी म्यान म्हणजे आतून कोरलेल्या दोन फळ्या, सरसाने जोडलेल्या, वरून चामडं किंवा कापड. तोंडाशी धातूचं टोपण, ते मोहनाळ; टोकाशी तसंच दुसरं, ते तहनाळ. आत नुसतं चामडं नको, ते ओल धरतं आणि पात्याला गंज चढतो.

लाकडालाही खोड आहे. धारेच्या बाजूचा सांधा आतून झिजतो. मग डाव्या हाताची मूठ त्यावर वळवून तलवार ओढली, तर पातं सांध्यातून बाहेर येऊन बोटं कापतं. म्यान दोन्ही सपाट बाजूंनी धरायचं आणि पात्याची पाठ लाकडावर टेकवून उपसायचं.

आणि ती चपटी मूठ! गोल मूठ घामेजल्या हातात फिरते, घाव आडवा बसतो. चपटी मूठ न बघताही सांगते, धार कुठे आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. धोप लांब, जवळपास सरळ. मुठीमागचा गज असला की दुसरा हात लावून घाव घालता येतो. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, आतली आडवी मूठ पकडायची. मनगट जखडलेलं, म्हणून सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो. घोळात शिरलेल्या एकट्याला हे उपयोगी, कारण तलवारबाजीत पहिली जखम हातालाच होते. फिरंग म्हणजे युरोपी पातं, आपली मूठ. पोकळ मुठीत वितळलेली लाख ओतून पात्याचा मागचा दांडा बसवतात, म्हणून पातं बदलणं सोपं. म्हणजे निजामाच्या स्वारांनी केलं ते आपल्याकडे १७ व्या शतकापासून चालूच होतं.

घरी जुनी तलवार असेल तर दसऱ्याला पूजा झाल्यावर हळदकुंकू पुसा, पातं कोरडं करा, तेलाचा पातळ हात फिरवा, मगच म्यानात घाला. मूठ हलत असेल तर ठोकू नका. लाख सुटलेली असते, जाणत्याकडून ऊब देऊन पुन्हा बसवून घ्या.