पेसमेकर गप्प कधी बसतो?

पेसमेकर बसवला की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, आता हार्ट बॅटरीवरच चालणार ना?" तसं नसतं. बऱ्याच पेशंटमध्ये हे यंत्र दिवसाचा मोठा भाग हृदयाचे ठोके नुसतं ऐकत असतं.

सुरुवातीच्या यंत्रांना मात्र ऐकू येत नव्हतं. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ऑके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. रूने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने तो घडवला होता, बूट पॉलिशच्या डबीचा साचा करून! काही तासांत तो बंद पडला. लार्सन मात्र ८६ वर्षं जगले. त्यांना आयुष्यात २६ पेसमेकर लागले.

त्या काळचं यंत्र ठरल्या वेगाने ठोका देत राहायचं, हृदयाचा स्वतःचा ठोका पडो न पडो. हार्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे वरच्या कप्प्याचा विजेचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत नीट पोहोचत नाही तेव्हा, हृदयाचे स्वतःचे ठोके अधूनमधून परत येतात. अशा ठोक्यानंतर स्नायू सावरत असतानाच यंत्राचा झटका बसला, तर खालचा कप्पा नुसता थरथरत राहण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून साठच्या दशकात बॅरो बर्कोविट्स यांनी 'डिमांड' पेसमेकर आणला: गरज असेल तरच ठोका.

आता हे ऐकणं जरा जवळून बघू. हृदयात गेलेली वायर, जिला आम्ही लीड म्हणतो, झटकाही देते आणि ऐकतेही. खालच्या कप्प्याचा स्वतःचा ठोका तिच्या टोकाशी साधारण ५ ते १५ मिलिव्होल्टचा दिसतो. आम्ही यंत्राला सांगतो, २ मिलिव्होल्टच्या वरचं तेवढं मोज. (हा आकडा वाढवला की यंत्र बहिरं होतं, नवीन मुलं इथे हटकून गोंधळतात.) वेग मिनिटाला ६० ठेवला असेल, तर आतलं घड्याळ १००० मिलिसेकंद मोजतं. मध्येच ठोका ऐकू आला की पुन्हा शून्यापासून. हजार भरले आणि काहीच आलं नाही, तर अर्ध्या मिलिसेकंदाहूनही छोटा, दोन-तीन व्होल्टचा झटका. त्यानंतर यंत्र थोडा वेळ कान बंद करतं, नाहीतर स्वतःचाच झटका ठोका म्हणून मोजेल. दोन लीड असल्या की वरच्या कप्प्याचंही ऐकायचं आणि योग्य अंतराने खालच्याला हाक द्यायची. हिशेब वाढतो, तत्त्व तेच.

माझ्या मते यंत्राने कमी ऐकण्यापेक्षा जास्त ऐकणं घातक. लीडला चीर गेली, की हात हलवताना नुसती खरखर येते. यंत्राला वाटतं, ठोके व्यवस्थित पडताहेत, आणि ते गप्प बसतं. पेशंट पूर्ण त्याच्यावर अवलंबून असेल तर चक्कर येऊन पडतो. ऑपरेशनमधल्या कॉटरीनेही, म्हणजे विजेने कापण्या-डागण्याच्या उपकरणानेही, असंच होऊ शकतं. म्हणून तिथे कित्येकदा पेसमेकरवर लोहचुंबक ठेवतात. मग तो ऐकणं सोडून ठरल्या वेगाने ठोके देत राहतो. मोबाइलमध्येही चुंबक असतात, तेव्हा मोबाइल शर्टाच्या पेसमेकरच्या बाजूच्या खिशात ठेवू नका. १५ सेंटिमीटर अंतर पुरे.

"पेसमेकरमुळे शेवटी जीव अडकतो का हो?" असं दबक्या आवाजात विचारलं जातं. नाही अडकत. झटके येत राहतात, पण मेलेला स्नायू त्यांना दाद देत नाही. दहनाआधी मात्र पेसमेकर काढावा लागतो, कारण उष्णतेने बॅटरी फुटते. घाईत हे राहून जातं; घरच्यांनी डॉक्टरांना आठवण करून द्यावी.