पेटीतली पिशवी

(पहाट. बीड जिल्ह्यातलं गाव. ट्रॉलीत सामान चढतंय.)

दिवाळी उरकली की ऊसतोडीसाठी धारूर, वडवणीकडची गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॉलीत चूल चढते, ज्वारीचं पोतं चढतं, शेळी चढते. आणि पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत, एका गरोदर बाईची प्लॅस्टिकची पिशवी.

(पिशवी उघडते.)

माता-बाल संरक्षण कार्ड. रक्त तपासल्याची चिठ्ठी. सोनोग्राफीचा फोटो, कडेनं काळवंडलेला. हा कागद उष्णतेनं खराब होतो आणि तोडकऱ्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तर चूल हातभर अंतरावर असते.

सांगलीकडे उसाच्या फडावर सातव्या महिन्यात तिच्या पायांवर सूज येते. तिथला डॉक्टर विचारतो, "बीपीची गोळी कोणती चालू होती?"

"पांढरी. बारकी."

तिचं उत्तर खरं आहे. पण अंबाजोगाईला लिहिलेलं औषध सांगलीच्या डॉक्टरला त्यातून कसं कळणार?

मग गावाकडून रिपोर्टचा फोटो मागवतात. तो येतो टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण टोळीत चांगला फोन त्याच्याकडेच. ज्याच्याकडून आगाऊ उचल घेतली, जो खाड्याचे पैसे कापतो, त्याला आता तिचा कितवा महिना तेही ठाऊक. उपचारासाठी माहिती पोचायलाच हवी, पण या वाटेनं नव्हे.

माहिती हातात नसल्याची बीडनं फार मोठी किंमत मोजली आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं इथल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न तपासला. ८२,३०९ जणींच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातली होती. अशा बाईची आज हाडं दुखतात, तेव्हा अंडाशय ठेवलं होतं की तेही काढलं, हे डॉक्टरला कळायला हवं. ते त्या वेळच्या कागदावर असतं. तो कागद तिच्या हातात असणं हा तिचा हक्क आहे.

२७ सप्टेंबर २०२१ ला केंद्र सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात आरोग्याच्या नोंदी जोडायला माणसाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो. नोंदी ज्या त्या दवाखान्यातच राहतात, सगळ्या एका जागी गोळा होत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरला त्या हव्या असतील तर तो विनंती पाठवतो: कोणत्या नोंदी, कशासाठी, किती दिवस. रुग्णानं हो म्हटलं की माहिती कुलूपबंद होऊन निघते आणि मागणाऱ्याकडेच उघडते. मधल्याला वाचता येत नाही. दिलेली संमती मागेही घेता येते.

रचना चांगली आहे. मला काळजी एकाच जागेची वाटते. नोंदणीत मोबाईल नंबर लागतो, आणि ओटीपी त्यावर येतो. तो नंबर मुकादमाचा असेल, तर हो कोण म्हणालं?

(आरोग्य उपकेंद्र. निघायच्या आदल्या दिवशी.)

सिस्टरबाई विचारतात, "नंबर कुणाचा टाकू गं?"

तिच्या गळ्यात दोरीला बटणांचा साधा फोन आहे. एसएमएस त्यावरही येतो. अक्षरं तिला जड जातात, पण आकडे येतात. ऊस मोजल्याची काट्याची पावती टोळीत तीच वाचते.

"माझाच टाका, बाई," ती म्हणते, आणि दहा आकडे न अडखळता सांगते.