सकाळची टिकटिक : जुन्या स्पोर्ट्स कारच्या एक्झॉस्टचं पॅकिंग

नमस्कार. सुरुवात आवाजापासून करतो, कारण गाडी तक्रार सांगते ती तिथूनच. रात्रभर उभी असलेली जुनी गाडी सकाळी चालू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक असा कोरडा आवाज येतो. पाच-दहा मिनिटं चालवली की तो विरतो. मालकाला वाटतं, गाडी गरम झाली, आवाज गेला, म्हणजे विशेष काही नाही. प्रत्यक्षात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) जोडलेला, सगळ्या सिलिंडरांचा जळका गॅस गोळा करणारा पाइपांचा जोड, तापून फुगलेला असतो आणि त्यानं हेडशी असलेल्या, पॅकिंगच्या सांध्यातली फट तात्पुरती बुजवलेली असते. फट तिथेच असते आणि रोज थोडी थोडी वाढत असते.

या आवाजाला बहुतेकजण टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, आवाज समजतात. मीही सुरुवातीच्या काळात एका गाडीचं व्हॉल्व्ह कव्हर दोनदा उघडलं, दोनदा टॅपेट लावले आणि आवाज जिथल्या तिथे राहिला. कान फसतो त्याला कारण आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. म्हणून त्याचा टॅपेट दोन फेऱ्यांत एकदा वाजतो आणि फटीतून गॅसचा झोतही दोन फेऱ्यांत एकदाच सुटतो. दोघांचा ठेका एकच, त्यामुळे नुसत्या ठेक्यावरून त्यांना वेगळं काढता येत नाही.

वेगळं काढायचं ते भारावरून. इंजिनावर जोर आला की गळतीचा आवाज चढतो, टॅपेटचा फारसा बदलत नाही. दुसरी खूण काजळीची : फ्लँजच्या (मॅनिफोल्डच्या हेडवर टेकणाऱ्या सपाट भागाच्या) कडेला काळा पिसारा उमटलेला दिसतो. तरीही खात्री नसेल तर थंड इंजिन बंद ठेवून संशय असलेल्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढा, ती इंजिनाच्या धातूला नीट टेकवून अर्थ करा आणि मग इंजिन थोडा वेळ चालवून ऐका. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही, त्यामुळे झोताचा जोर पडतो आणि टिकटिक दबते. टॅपेटला स्फोटाशी देणंघेणं नसतं, तो वाजतच राहतो. मला सगळ्यात आवडते ती पद्धत आणखी साधी आहे. इंजिन बंद आणि थंड असताना मागच्या पाइपातून व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकण्याच्या बाजूनं हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतात.

ही गळती चालवून घेऊ नका. गॅस बाहेर पडतो एवढंच तिचं नुकसान नाही. दोन झोतांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. कार्बोरेटरच्या गाडीत अॅक्सिलरेटर सोडल्यावर मागे फट-फट आवाज येतात, ते पुष्कळदा याच हवेमुळे. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, कंट्रोल युनिट मिश्रण पातळ आहे असं समजतं आणि गरज नसताना पेट्रोल वाढवतं. आणि कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि जुन्या गाड्यांत हीटरची हवा बॉनेटच्या मागच्या बाजूनं आत येते. केबिनमध्ये डोकं जड होत असेल तर गाडी वापरणं थांबवा.

आता मुख्य प्रश्न. हे पॅकिंग का जातं? बहुतेकांचं उत्तर असतं, जळून गेलं. मी इतक्या वर्षांत उघडलेल्या सांध्यांत पॅकिंग आधी गेलं आणि मग बाकीचं बिघडलं, असं क्वचित पाहिलं. आधी स्टड (हेडमध्ये बसवलेला, नटानं मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) ताणतो किंवा मोडतो, नाहीतर मॅनिफोल्ड वाकतो. गॅसला वाट मिळते, मग तो पॅकिंग खातो.

एक साधा हिशेब फळ्यावर मांडतो. समजा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मॅनिफोल्ड ५०० मिलिमीटर लांब आहे आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे. बीड दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं, अॅल्युमिनियम साधारण २२. अॅल्युमिनियम दुप्पट वाढतं खरं, पण ते पाण्यानं थंड ठेवलेलं असतं, त्याचं तापमान ८० अंशांनी चढतं असं धरू. मॅनिफोल्डमधून जाणारा गॅस पूर्ण भारावर ८०० अंशांच्या वर जातो, मॅनिफोल्ड स्वतः ४५० अंशांनी चढला असं धरू. हेड वाढलं सुमारे ०.९ मिलिमीटर आणि मॅनिफोल्ड वाढला सुमारे २.५. फरक १.६ मिलिमीटरचा. मॅनिफोल्ड मधोमध स्थिर राहिला तर दोन्ही टोकांना ०.८ मिलिमीटरची सरक येते. प्रत्येक वेळी गाडी तापली की बाहेर, निवली की आत.

म्हणजे हा सांधा गॅस अडवत असतानाच सरकत असतो. हेड गॅस्केटसारखा (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगसारखा) जागच्या जागी दाबून ठेवलेला सांधा हा नाही. म्हणूनच मॅनिफोल्डच्या टोकांची भोकं स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात. ती भोकं गंजानं भरली किंवा कुणी पाना जीव खाऊन पिळला, की सरकायला जागा उरत नाही आणि ते ०.८ मिलिमीटर स्टडला वाकवून भरून निघतात. टोकाचे स्टड आधी का मोडतात, ते इथे कळतं. १९६९ साली आलेल्या डॅटसन २४०झेडमध्ये सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं, अॅल्युमिनियम हेडचं इंजिन आहे. एवढ्या लांब मॅनिफोल्डचे टोकाचे स्टड मोडणं ही त्या गाडीच्या मालकांची ठरलेली तक्रार आहे.

अनेक अमेरिकन व्ही-आठ इंजिनांत, शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉकमध्येसुद्धा, कारखान्यातून मॅनिफोल्ड पॅकिंगशिवायच बसवले जात. बिडाचं हेड, बिडाचा मॅनिफोल्ड, दोन्हीचे चेहरे नीट मशीन केलेले, आणि मध्ये काही नाही. एकदा मॅनिफोल्ड काढला की मात्र ते चेहरे पुन्हा तसे जुळत नाहीत, म्हणून नंतर पॅकिंग लागतं. चेहरा सपाट असण्याला किती महत्त्व आहे, ते यावरून कळावं.

खोलण्याकडे येतो, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. बॅटरी काढून ठेवा. गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. काम ठरवल्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज एकदा थंड नटांवर गंज सोडवणारं तेल सोडा. तापलेल्या मॅनिफोल्डवर ते कधीही मारू नका, पेट घेतं. सॉकेट सहा कोनांचाच घ्या. बारा कोनांचा सॉकेट झिजलेल्या नटाला गोल करून टाकतो. नट सोडवताना पहिली हालचाल आवळण्याच्या दिशेनं करा, अगदी किंचित, गंजाची पकड तुटण्यापुरती. मग पाव फेरी मागे, परत थोडी पुढे, परत तेल. पान्याखाली नट फिरण्याऐवजी रबरासारखा लवचीक वाटू लागला की थांबा. तो स्टड पिळतोय, पुढच्या क्षणी मोडेल. तिथे उष्णता हवी. नट लाल होईपर्यंत तापवा, निवू द्या, मग पुन्हा प्रयत्न करा. जवळ पेट्रोलची नळी असेल तर ज्योत लावूच नका, इंडक्शन हीटर मिळवा.

तरी स्टड मोडतात. मोडला की मन शांत ठेवणं हेच मोठं काम असतं. माझ्याकडे एकदा बाहेर अर्धा सेंटिमीटर उरलेला तुकडा होता. मी घाईनं त्यात भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घातला, आणि तोच आत मोडला. एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद इतकं कठीण असतं की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. दोन तासांचं काम आठवड्यावर गेलं आणि हेड उतरवावं लागलं. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. तुकडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करतो. वेल्डिंगची उष्णता स्टडला आतून सैल करते आणि पाना धरायला नवा नट मिळतो. अॅल्युमिनियम हेडमधल्या पोलादी स्टडला ही पद्धत फार मानवते. तुकडा आत असेल तर बरोबर मधोमध पंच मारून डावं फिरणारं ड्रिल लावतो. पुष्कळदा भोक पडता पडताच तुकडा बाहेर येतो. आटे गेलेच तर स्प्रिंगसारखी वायर इन्सर्ट बसवायची. काही इंजिनांत स्टडचं भोक थेट पाण्याच्या जाकिटात (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं त्या पोकळीत) उघडतं, तिथे आधी कूलंट काढावं लागतं आणि नव्या स्टडच्या आट्यांना सीलंट लागतो. मॅन्युअलमध्ये हे बघितल्याशिवाय स्टडला हात लावू नका.

जुनं पॅकिंग खरवडण्याआधी एक मिनिट थांबा. कित्येक दशकं या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस वापरलं जायचं. गाडी जुनी असेल आणि पॅकिंग कधीचं आहे हे माहीत नसेल, तर ते अॅस्बेस्टॉसचंच आहे असं धरून चाला. कोरडं घासायचं नाही, वायरब्रश मशीनला लावायचा नाही, हवेनं फुंकायचं नाही. पाण्यानं भिजवा, योग्य दर्जाचा मास्क लावा, ओलं असतानाच खरवडा आणि पिशवीत बंद करा. यात मी कुणाशीही तडजोड करत नाही. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर खरवडणी पितळेची किंवा प्लास्टिकची घ्या. पोर्टमध्ये (हेडमधल्या गॅसच्या वाटांत) कापडाचे बोळे घालायचे आणि किती घातले ते लिहून ठेवायचं.

मग सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती). पट्टी मॅनिफोल्डच्या सगळ्या फ्लँजवर एकदम ठेवा. किती मिलिमीटरपर्यंत चालतं ते मॅन्युअल सांगतं, पण केळ्यासारखा वाकलेला मॅनिफोल्ड डोळ्यालाही दिसतो. नवं पॅकिंग तो वाक भरून काढेल अशी आशा करू नका. नट आवळून वाक सरळ केला तर तो ताण कायम टोकाच्या स्टडवर राहतो. मशीनवर फेस मारून, म्हणजे चेहरा सपाट कापून, घ्या.

फेस मारल्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात बनलेली गाडी घ्या. तिच्या १७९८ सीसीच्या इंजिनात इनलेट (हवा-पेट्रोल आत नेणारी बाजू) आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला आहेत आणि दोघांना मिळून एकच पॅकिंग आहे. काही स्टडवर एकच जाड, रुंद वॉशर इनलेटच्या आणि एक्झॉस्टच्या फ्लँजवर अर्धा-अर्धा बसतो. आता एक्झॉस्टच्या फ्लँजमधून अर्धा मिलिमीटर कापला, तर वॉशर इनलेटच्या उंच कडेवर टेकतो, तिरका होतो आणि एक्झॉस्टवर दाबच पडत नाही. नवं पॅकिंग, नवे स्टड, मशीन केलेला चेहरा, आणि तरी पहिल्याच दिवशी टिकटिक. दोन्ही फ्लँजची जाडी कॅलिपरनं मोजा आणि सारखी करून घ्या. उलट झालं आणि इनलेटची बाजू सैल राहिली, तर इंजिन तिथून हवा ओढतं आणि आयडलिंग स्थिर राहत नाही.

मध्यंतरात एकांनी विचारलं, पॅकिंगला दोन्हीकडून सीलंट लावलं तर जास्त भरवसा नाही का? नाही. साधा सिलिकोन या उष्णतेत जळून जातो आणि तो गेला की तिथे पोकळी राहते. पॅकिंग कोरडंच बसवा. बसवण्याआधी ते हेडवर धरून बघा, भोकाची कड पोर्टच्या आत डोकावत असेल तर ती जळणारच. एका बाजूला धातूचा पत्रा असलेल्या अनेक पॅकिंगमध्ये पत्र्याची बाजू मॅनिफोल्डकडे ठेवायची असते, म्हणजे सरक त्या गुळगुळीत बाजूवर होते. तरी पाकिटावरची सूचना वाचा.

स्टड नवे घाला. नट पितळी किंवा तांबं चढवलेले वापरा, ते पोलादी स्टडला गंजून धरत नाहीत. आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावणार असाल तर लक्षात ठेवा, वंगण असलेल्या आट्यांत तोच टॉर्क (पिळण्याचा जोर) जास्त दाब देतो. आठ मिलिमीटरच्या स्टडला अंदाजे २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळत जा. टोकाला ‘अजून थोडं’ करायचा मोह होतो. तो आवरा, सरक तिथेच व्हायची आहे.

पहिल्यांदा चालू करताना गाडी मोकळ्या हवेत ठेवा. हातांचं तेल, अँटीसीझ, सगळं जळून काही मिनिटं धूर येतो. इंजिन पूर्ण तापू द्या आणि पूर्ण निवू द्या. पॅकिंग मऊ थराचं असेल तर थंड इंजिनावर पुन्हा टॉर्क तपासा. ते पहिल्या तापण्यात बसतं आणि नट सैल पडतात. अनेक पत्र्यांच्या थरांचं असेल तर सहसा याची गरज नसते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी अगदी थंड असताना, हातभर लांबीची रबरी नळी घ्या. एक टोक कानाजवळ धरा, इंजिन चालू करायला कुणाला तरी सांगा आणि दुसरं टोक पंख्यापासून जपत एकेका फ्लँजजवळून न्या. पहिल्या अर्ध्या मिनिटातच काय ते कळतं, नंतर मॅनिफोल्ड फुगायला लागतो. शेवटच्या सिलिंडरपाशी जरा जास्त वेळ थांबा.