सिकसाठी एक मिनिट गोंगाट

[दृश्य : वॅलेन्सियाचा ट्रॅक. तिन्ही गटांच्या गाड्या एकत्र.]

६ नोव्हेंबर २०११. स्पेनमधलं वॅलेन्सिया. मोसमातली शेवटची शर्यत. पण सुरुवातीला जी फेरी निघालीय, तिच्यात कुणालाच जिंकायचं नाही. मोटोजीपी, मोटो२ आणि १२५ सीसी, जागतिक मोटरसायकल शर्यतींतल्या तिन्ही गटांचे रेसर एकत्र चाललेत. मोटोजीपी हा त्यातला सर्वांत वरचा गट. सर्वांत पुढे ५८ क्रमांकाची होंडा. चालवतोय केविन श्वांट्झ, १९९३चा ५०० सीसी जगज्जेता. गाडी त्याची नाही. ती मार्को सिमोन्चेलीची. मार्को दोन आठवड्यांपूर्वी गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी.

फेरी संपली की एक मिनिट मौन, अशी रीत. मार्कोचे वडील पाओलो यांना ते नको होतं. गप्प कसले उभे राहता, गोंगाट करा, असं त्यांचं म्हणणं. मग अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठी पिळल्या गेल्या, इंजिनं किंचाळली, फटाके फुटले.

पोराच्या शोकाला फटाके? ज्यांनी मार्कोला रेस करताना पाहिलं होतं, त्यांना हा प्रश्न पडला नसेल. डोक्यावर केसांचं जंगल, तोंडात सतत थट्टा, आणि ट्रॅकवर जागा नसली तरी घुसायचंच. चाहते त्याला ‘सिक’ म्हणायचे.

[दृश्य : सेपांग, अकरावं वळण.]

२३ ऑक्टोबर. मलेशियातलं सेपांग. दुसरीच लॅप. वळणावर मार्कोची गाडी घसरली. एरवी अशी गाडी वेगाच्या रेट्यानं ट्रॅकबाहेर निघून जाते, आणि रेसर कपडे झटकत उठतो. त्या दिवशी टायरला पुन्हा पकड मिळाली. गाडी बाहेर जाण्याऐवजी आत वळली आणि मार्कोला घेऊन थेट मागून येणाऱ्यांच्या वाटेत आली. मागचे रेसर कॉलिन एडवर्ड्स आणि व्हॅलेंटिनो रॉसी यांना सावरायला क्षणाचाही अवधी नव्हता. धडकेत मार्कोचं हेल्मेट निघून गेलं. रॉसी त्याचा जवळचा मित्र. सराव बरोबर, चेष्टा बरोबर. दोष कुणाचाच नव्हता, आणि म्हणूनच त्या दिवशी चिडायलाही कुणी सापडेना.

[दृश्य : कोरियानो. चौकात माणसंच माणसं.]

इटलीत रिमिनीजवळचं कोरियानो हे त्याचं गाव. शवपेटी गावच्या नाट्यगृहात ठेवली होती, शेजारी त्याच्या गाड्या. अंत्यदर्शनाला रांग लागली. २७ तारखेच्या अंत्यविधीला हजारो लोक आले. गर्दीत जिकडे पाहावं तिकडे ५८.

हे प्रेम सगळीकडे नव्हतं, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी मे महिन्यात, फ्रान्समधल्या ल मान्सला, त्याच्याशी टक्कर होऊन स्पॅनिश रेसर दानी पेद्रोसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मार्कोला दंड झाला. स्पेनमध्ये संताप एवढा, की पुढे बार्सिलोनाच्या शर्यतीला धमक्यांमुळे त्याला पोलीस संरक्षणात वावरावं लागलं. त्यानं काय केलं? तिथेच मोटोजीपीतली आपली पहिली पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, घेतली! त्याच स्पेनमध्ये पाच महिन्यांनी त्याच्यासाठी इंजिनं गर्जली.

२००८ साली तो २५० सीसीचा, म्हणजे मोटोजीपीच्या खालच्या गटाचा, जगज्जेता झाला होता. मोटोजीपीत मात्र विजय राहूनच गेला. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला तिसरा, आणि अपघाताच्या जेमतेम आठवडाभर आधी ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला दुसरा. चाहत्यांना सगळ्यात जास्त चटका बसला तो याचा. आता जिंकणार, असं म्हणेपर्यंत संपलं.

नंतर इटलीतल्या मिसानोच्या सर्किटला त्याचं नाव मिळालं. २०१६ साली मोटोजीपीतून ५८ क्रमांक कायमचा निवृत्त झाला. कोरियानोत एक स्मारक आहे. दर रविवारी त्यातून ५८ सेकंद आगीचा झोत निघतो.

पाओलो घरी बसले नाहीत. मुलाच्या नावानं टीम काढली, सिक५८. नवी पोरं गाड्यांवर बसवली. २०१९ साली हेरेझला, म्हणजे पुन्हा स्पेनमध्येच, मोटो३ची (सर्वांत लहान गाड्यांच्या गटाची) शर्यत निक्कोलो अँतोनेल्लीनं जिंकली आणि त्याचाच टीममित्र तात्सुकी सुझुकी दुसरा आला. त्याच सप्टेंबरात सुझुकीनं मिसानोही मारलं, मार्कोच्या नावाच्या ट्रॅकवर, पाओलोंच्या डोळ्यांदेखत.